हाताला लागणारा रंग

डबा आजीच्या तळहातावर ठेवला. चौदा सेंटीमीटर लांबीचा, कार्डशीटचा, खाली खऱ्या धातूची आठ चाकं. तिसरा हात मारून रंग दोन दिवस वाळवला होता. आजीने तो खिडकीतल्या उजेडाकडे धरला, फिरवून पाहिला, आणि मग अंगठ्याने त्याच्या अंगावरून असं घासलं, जसं ती ज्वारीचं कणीस चोळून दाणा बघते. अंगठा स्वच्छ राहिला.

"ही न्हवं ती," आजी म्हणाली. "तिचा रंग हाताला लागायचा."

तीन महिने मी त्या गाडीच्या लाल रंगाच्या मागे होतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. रंग हा माझ्या पोटापाण्याचा विषय. तरी आजीने एका अंगठ्यात जे सांगितलं, ते मला कुठल्याही रंगतक्त्यात सापडलं नव्हतं.

आमच्या ईट गावाला रेल्वे नाही. अख्ख्या भूम तालुक्यातच नाही. बालाघाटाच्या या माळावर गाडीची शिट्टी ऐकू येत नाही. पहाटे ऐकू येतो तो खव्याच्या भट्टीवर उलथन्याचा खरखराट आणि पहिल्या एसटीचा हॉर्न. आमच्यासाठी रेल्वे म्हणजे बार्शी. लहानपणी कुणी "गाडी बघायला येतोस का?" म्हटलं की ते बार्शीला चालले आहेत, हे न सांगता कळायचं. आणि गाडी म्हणजे मोठी गाडी नव्हे. दोन फूट सहा इंच रुंदीच्या रुळांवरून डुलत जाणारी, लहानखुरी, 'बार्शी लाईट'.

ती गाडी ज्याच्या डोक्यातून निघाली, तो एव्हरार्ड कॅल्थ्रॉप 1882 मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबई–मद्रास लोहमार्ग कुर्डुवाडीवरून गेलेला. बार्शीची मोठी कापूसपेठ तिथून जवळजवळ 22 मैल आत. माल आणि यात्रेकरू बैलगाडीने ये-जा करत. कॅल्थ्रॉपने हिशेब मांडला की या वाटेवर मोठी रेल्वे परवडणार नाही, पण छोटी रेल्वे मोठ्या रेल्वेइतकंच काम करू शकेल. फक्त वजन नीट वाटून दिलं पाहिजे. इंजिन असो, डबा असो, मालवाघीण असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, हे त्याने ठरवून टाकलं. म्हणून हलके, यार्डाला 30 पौंडांचे रूळ पुरले, आणि इंजिनाला जास्त चाकं आली. लीड्सच्या किटसन कंपनीने ती इंजिनं बांधली, लीड्स फोर्जने दाबलेल्या पोलादाच्या चौकटी केल्या. सगळा सरंजाम बोटीत चढवण्याआधी तिकडेच लीड्सजवळ रूळ टाकून चालवून पाहिला. 1897 मध्ये गाडी बार्शीत आली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला निजामाच्या मुलखात शिरून लातूर, 1927 ला मिरज. सगळी मिळून 202 मैलांची लाइन. 1 जानेवारी 1954 ला सरकारने ती विकत घेतली आणि पुढे ती मध्य रेल्वेची झाली.

या माणसाबद्दल मला फार माया आहे. अरबी घोडे पाळायचा, घोड्यांवर पुस्तक लिहिलं, आणि उतारवयात विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं. त्याला नाव दिलं 'गार्डियन एंजल'. पाच टनांचा तो नियम बघितला की वाटतं, रुळावर किती ओझं टाकावं याचा विचार घोड्यावर माया करणाऱ्या माणसानेच करावा.

मॉडेल रेल्वेच्या छंदात मी पडलो तो पुण्यात. डी.एड. झाल्यावर पुढच्या एका परीक्षेसाठी तिथे राहत होतो, तेव्हा कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या, बनवलेल्या गाड्यांचं ते संग्रहालय 1 एप्रिल 1998 ला लोकांसाठी खुलं झालं. खोलीतले दिवे मालवतात, छोट्या शहरात संध्याकाळ होते, खांबांवरचे दिवे लागतात, सर्कशीचा तंबू उजळतो, आणि अंधारातून खिडक्याखिडक्यांत उजेड घेऊन गाडी येते. त्या उजेडाने माझा गळा दाटून आला. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. नातू गाडी बघत होता आणि आजोबा सिग्नल. सिग्नलचा हात पडला की ते हलक्या आवाजात म्हणायचे, "दिला."

मी तेव्हाच ठरवलं, ईटमध्ये एक स्टेशन करायचं. ज्या गावाला ते नाही, त्या गावात.

या छंदातलं सगळं भागाकारावर चालतं. जगात सगळ्यात जास्त चालतं ते एचओ हे माप, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. खरी रुंदी 762 मिलिमीटर. 87 ने भागली की पावणेनऊ. आणि बाजारात एन गेजचे तयार रूळ मिळतात ते नऊ मिलिमीटरचे. पाव मिलिमीटरचा फरक, तोही डोळ्याला न दिसणारा. हा हिशेब कागदावर जुळला त्या रात्री मला झोप लागली नाही. मग मी सगळंच भागत सुटलो. चाळीस फुटी डबा धरला तर चौदा सेंटीमीटर. माझी पाच फुटी आजी, साडेसतरा मिलिमीटर. कुर्डुवाडी ते बार्शी, चारशे मीटर. म्हणजे आमच्या वाड्यापासून बाजारतळापर्यंत. मिरजेपासून लातूरपर्यंतची अख्खी लाइन, पावणेचार किलोमीटर. आमच्या शिवारात ती एका कडेने बसते.

रूळ जमले, चाकं जमली, डबा जमला. अडलो ते रंगाशी.

या छंदातली जाणती माणसं डबा रंगवायला घेणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतात तो रंगाचा नसतो, सालाचा असतो. कोणत्या सालातली गाडी? कारण गाडीला एकच एक रंग कधीच नसतो. इंग्रजीत गाडीच्या रंगसंगतीला 'लिव्हरी' म्हणतात. तो शब्द मूळचा सरदारांच्या वाड्यातला: धन्याने चाकरांना दिलेला पोशाख. पोशाख बघून चाकर कुणाचा ते ओळखायचं. धनी बदलला की पोशाख बदलला. बार्शी लाईटनंतर कॅल्थ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड दरीत तेवढ्याच रुंदीची रेल्वे बांधली, 1904 मध्ये. आपल्याकडच्या इंजिनांवर असतात तसे मोठे दिवे तिच्या इंजिनांना होते, आणि डब्यांना रंग दिला होता फिकट पिवळा, प्रिमरोजच्या फुलाचा. त्या हिरव्या, ओल्या दरीत तो पिवळा काय खुलत असेल! 1934 ला ती बंद पडली, आता तिथे रुळांच्या जागी पायवाट आहे. बार्शीच्या उन्हात आणि काळ्या मातीच्या धुळीत तो पिवळा एक उन्हाळाही टिकला नसता.

रंगाची खरी श्रीमंती पाहावी ती 'दख्खनची राणी' या मुंबई–पुणे गाडीत. 1 जून 1930 ला ती सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. सांगाडे विलायतेहून आले होते, पण वरचा डबा माटुंग्याच्या कारखान्यात बांधलेला. एक गाडी चांदीच्या रंगाची, तिच्या पट्ट्यांना शेंदरी लाल. दुसरी राजेशाही निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. मी एकदा तो निळा कालवायचा प्रयत्न केला आणि सोनेरी रेघ शून्य नंबरच्या ब्रशने ओढली. श्वास रोखून ओढावी लागते. ब्रशचा एक केस जरी फाकला तरी रेघ फुटते. माटुंग्याच्या रंगाऱ्याने त्या रेघा डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कशा ओढल्या असतील, याचा विचार करत मी बराच वेळ बसून राहिलो. पण त्या सोनेरी रेघेआड तिसऱ्या वर्गाचा डबा नव्हता. तो त्या गाडीला जोडला गेला 1955 च्या जूनमध्ये. पंचवीस वर्षं साध्या माणसाने ती सोनेरी रेघ फक्त फलाटावरून पाहिली.

साध्या माणसाच्या वाट्याला आला तो लाल. म्हणजे विटकरी-तपकिरीच्या मधला, ज्याला काही लोक मरून म्हणतात. स्वातंत्र्यानंतर चाळीसेक वर्षं देशभरच्या गाड्या त्याच रंगाच्या होत्या. माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला डोळे मिटून रेल्वेचा डबा आठवायला सांगा, तो लालच आठवेल. मग 1990 च्या दशकात निळा आला, आणि तो काही हौसेने आला नाही. जुन्या डब्यांना निर्वात ब्रेक होते, नव्यांना हवेच्या दाबाचे. दोन्ही एकत्र जोडून चालत नाही. यार्डात गाडी जुळवणाऱ्याला लांबूनच कळावं म्हणून हवेच्या ब्रेकचे डबे निळे केले. मला ही गोष्ट फार आवडते. रंगाकडे आपण शोभा म्हणून बघतो, आणि तिथे कुणाचातरी जीव त्या रंगावर अवलंबून होता. पुढे जर्मन बनावटीचे डबे आले आणि पुन्हा लाल परतला, पण चकचकीत, करड्या पट्ट्याचा. आता हरंगुळजवळ, लातूरच्या अंगाला, रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा आहे. 2020 च्या डिसेंबरमध्ये तिथून पहिला सांगाडा बाहेर पडला. ज्या हरंगुळवरून कॅल्थ्रॉपची छोटी गाडी डुलत जायची, तिथेच.

मी साल ठरवलं 1966. त्या सालच्या आषाढीला आजी आणि आजोबा बार्शीहून पंढरपूरला गेले. लग्नानंतर पहिल्यांदा, आणि आजोबांच्या हयातीत एकदाच. ईटहून बैलगाडीने बार्शी, तिथे भगवंताच्या देवळात एक मुक्काम, आणि मग गाडी. कुर्डुवाडीला मोठी लाइन ओलांडून पुढे पंढरपूर. तिसरा वर्ग तेव्हा होता. तो मोडीत निघाला 1974 ला. म्हणजे माझा डबा तिसऱ्या वर्गाचा, मध्य रेल्वेचा, अंगावर 'म.रे.' लिहिलेला, आणि लाल.

पण लाल कसा? पहिल्यांदा मी खऱ्या डब्याचा जुना रंग शोधून काढला आणि त्याच्याशी तंतोतंत जुळणारा एनॅमल दुकानदाराकडून कालवून घेतला. डब्याला लावला तर डबा काळपट, जड दिसायला लागला, जशी कोळशाची पेटी. मी तो लाल रंग थिनरने पुसून काढला. मग कळलं, हा अनुभव या छंदातल्या सगळ्यांचा आहे. खरा डबा आपण पाहतो तो लांबून. डबा आणि डोळा यांच्यामध्ये हवा असते, धूळ असते, ऊन असतं. ती रंगाला थोडी पांढुरकी करते. छोटा डबा आपण वीतभर अंतरावरून बघतो. मध्ये काहीच नाही. म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा, थोडा करडा मिसळावा लागतो. जे अंतर आता उरलं नाही, ते रंगात कालवायचं. चित्रकलेत डोंगर लांबचा दाखवायला आपण निळा-पांढरा वापरतो, मुलांना मी ते दरवर्षी शिकवतो. पण हातातली वस्तू हातातच लांब करायची, हे मला वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी समजलं.

दुसरा हात असा लांब करून दिला. बरा दिसला. तिसरा हात त्याहून बरा. आणि मग तो डबा आजीच्या तळहातावर गेला.

"हाताला लागायचा म्हणजे?"

"लागायचा. चढताना हात टेकला का तळवा लाल. लुगड्याला लागला तर चार धुण्यात निघंना. गेरू बघ, गेरू. तुळशीला लावतो का न्हाय, तसा."

"पण गाडी बाहेरून कशी दिसायची? फिक्कट होती का गडद?"

आजीने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बाहेरून बघायला कुठं थांबलो आम्ही? गाडी आली का चढायचं बघायचं. गठुडं, तांब्या, तुझा आजा. गाडी बघायची ती ज्याला जायचं नसतंय त्यानं."

मी गप्प झालो. तीन महिने मी फलाटावर उभा होतो. डबा दिसायचा कसा, एवढंच विचारत होतो. तिला तो दिसला नव्हता, लागला होता.

आणि ती म्हणत होती ते खरंही होतं. एनॅमल उन्हात वर्षानुवर्षं तापला की त्यातलं तेल मरतं आणि आतली रंगाची भुकटी पृष्ठभागावर मोकळी होते. जुन्या लोखंडी दाराला पाठ टेकून उभं राहिलं की सदऱ्याला रंग लागतो, तो हाच. लाल रंगाची ती भुकटी म्हणजे लोखंडाचा गंज, लोहाचा ऑक्साइड. आणि गेरूही तोच. आजीने वृंदावनाला लावलेला, दुकानात प्राइमर म्हणून मिळणारा आणि बार्शी लाईटच्या डब्यावरून तिच्या लुगड्यावर आलेला, तिन्हींची जात एक. तिने नुसती उपमा दिली नव्हती, नेमका रंग सांगितला होता.

मी परड्यातून गेरूचा खडा आणला. खलबत्त्यात कुटला, धोतराच्या जुन्या तुकड्यातून दोनदा गाळला. तळहातावर घेतला तर पिठासारखा, बोटांच्या रेघांत शिरून बसणारा. डब्यावर चमक मारणारा एक पातळ थर दिला होता, तो बारीक पॉलिश पेपरने हळूच उतरवला, आणि कोरड्या ब्रशने गेरू फिरवत गेलो. दारांच्या दांड्यांजवळ जास्त, कारण हात तिथे टेकतात. छपराच्या कडेला कमी. खाली चाकांच्या बाजूला आमच्या शेतातली काळी माती, तीही गाळून. तास-दीड तासाने डब्यावरचा तो शाळेतल्या चित्रासारखा स्वच्छ लाल नाहीसा झाला. आता डबा उन्हातून आल्यासारखा दिसत होता.

पुन्हा आजीच्या हातात दिला. तिने पुन्हा अंगठा घासला. यावेळी अंगठ्याचं टोक तांबूस झालं. आजीने ते बघितलं, मग लुगड्याच्या पदराला पुसलं, आणि पदरावर उमटलेला तो ठिपका बघत राहिली. मी काही बोललो नाही. पंख्याचा आवाज येत होता तेवढाच.

मग ती डब्यात डोकावली. खिडक्या मी मोठ्या हौसेने केल्या होत्या. लाकडी झडपा, त्यांच्या फळ्या ब्लेडने आखलेल्या, काही अर्ध्या वर सरकवलेल्या. तिसऱ्या खिडकीत मी साडेसतरा मिलिमीटरची एक बाई बसवली होती. हिरवं लुगडं, कपाळावर सुईच्या टोकाने लावलेला लाल ठिपका.

"ही कोण?"

"तू."

आजी हसली. तोंडात दात नाहीत, पण तिचं हसू अजून गालभर जातं. चष्मा वर करून तिने डबा अगदी डोळ्याजवळ नेला.

"खिडकीशी तुझा आजा बसला होता," ती म्हणाली. "त्याला गाडी लागायची, ओकाऱ्या यायच्या. मी खाली. गठुड्याला टेकून. अंगावर तुझी आत्या झोपली होती, सहा महिन्यांची." आणि थोडं थांबून, "तिथून काय दिसत न्हवतं, नुसतं वरचं आभाळ. झाडाचे शेंडे यायचे आन् जायचे. पंढरपूर आलं ते मला मान्साच्या आवाजावरनं कळलं."

छप्पर मी कालच फेविकॉलने पक्कं केलं होतं. ब्लेड घेतलं, कडेने हळूहळू फिरवायला लागलो. गेरू बोटांना लागत होता. आजी शेजारी बसून सांगत होती, गठुडं किती मोठं होतं, कशात बांधलं होतं, तांब्या कुठल्या बाजूला होता.